मठाच्या भिंतीतलं चाक

कातानिया शहराच्या बसमध्ये रोसाल्बा बसली होती; तिच्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या होत्या. खिडकीजवळची धुमसत होती.

“मठाचं हॉटेल केलं, मी गप्प बसले. ननांच्या खोल्यांत पाहुणे लोळायला लागले, तरी गप्प बसले. आता आमचा नातू म्हणतो, त्याच्या तान्ह्या पोरीला, माझ्या पणतीला, त्या चाकात ठेवू.”

“कुठल्या चाकात गं, आगातीना?”

“विसरलीस? भिंतीतलं लाकडी चाक. नकोसं पोर बाहेरून त्यात ठेवायचं, घंटी वाजवायची आणि चाक फिरवायचं. आतून नन उचलून घ्यायची. कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही.”

“ते होय. पण तिथं बाळ कशाला?”

“बाप्तिस्म्याच्या फोटोसाठी. एरवी त्यातून दारूचे पेले फिरवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. लाजा कशा वाटत नाहीत?”

“अगं, पोरांची हौस असते. फोटो निघाला की लगेच उचलतील तिला.”

“माझ्या आईला त्याच चाकात ठेवलं होतं, क्रोचिफिस्सा. गळ्यात मारियामातेचं अर्धं पदक बांधून. उरलेलं अर्धं तिला तिथं ठेवणारी बाई स्वतःबरोबर घेऊन गेली, परत आल्यावर ओळख पटावी म्हणून. म्हणजे तीसुद्धा लगेच उचलणारच होती.”