बिबवेवाडीपर्यंतचा बोगदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दत्तप्रसाद सर, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती उल्काताई, आणि समोशांच्या वासाने केव्हाच दाराकडे वळलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

उल्काताई अकरा वर्षांनी कंपनी सोडताहेत. राजीनामा एका ओळीचा, कारण दिलेलं नाही. मी नेटवर्क सुरक्षेचा प्रमुख. मला ते ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

आपल्याकडे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. ताईंच्या आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. म्हणून ताईंनी घरी कॅमेरा लावला, स्वतःचा व्हीपीएन, म्हणजे गुप्त जोडणीचा सर्व्हर उभारला आणि ऑफिसच्या लॅपटॉपवरून थेट बिबवेवाडीच्या घरापर्यंत बोगदा खणला. आतलं सगळं कुलूपबंद! मलाही वाचता येत नव्हतं.

पण वाचायचंय कोणाला? पाकीट न फोडताही ओळखता येतं. जोडणी सुरू करताना या व्हीपीएनचा पहिला नमस्कार दर वेळी मोजून तेवढ्याच लांबीचा. आमच्या नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, फायरवॉलने, तिथेच हेरला. मग ताईंनी त्याला साध्या वेबसाइटचा वेष चढवला. अहो, वेबसाइटवर माणूस येतो, जातो. हा नऊ ते सहा एकाच घरगुती पत्त्यावर ठिय्या देऊन! आम्ही त्या पत्त्यावर स्वतः टकटक केली. वेबसाइट असती तर पान उघडलं असतं. कोणी ओ दिली नाही. टाकला बंद करून.

तासाभरात ताई माझ्या टेबलापाशी. "सर, आज आईला सांभाळणाऱ्या गोदाबाई आल्या नाहीत. आई एकटीच आहे हो. फक्त आजचा दिवस चालू ठेवा."

मी म्हटलं, "मग घरी जा ना."

"साहेबांनी रजा नाकारलीय, सर."

"त्यांनी रजा नाकारली, मी बोगदा नाकारतो. नियम सगळ्यांना सारखा!"

आज सभागृहात कोणी हसत नाहीये. त्या दिवशी आमचा अख्खा विभाग हसला होता.

आई दुपारी पलंगावरून पडल्या. ताई सातला पोचल्या. वेळेवर कळलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. डॉक्टर काय, नंतर काहीही म्हणतात. मला त्या तिमाहीत प्रशस्तिपत्र मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत ताईही होत्या. मनाचा मोठेपणा, दुसरं काय?

आयोजकांचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं बोललं गेलं असेल, तर ताईंनी पोटात घालावं. आणि एक विनंती. तीन महिने झाले, ताई, तुमचा लॅपटॉप अजून दर पाच सेकंदांनी घरी हाक मारतो आणि आमची फायरवॉल ती अडवते. जमा करण्यापूर्वी तेवढं बंद करा. आता तिकडे बघायला आहे कोण?