तार कापलेल्या सत्तावीस जोड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मुख्य कार्यालयाचे माननीय संचालक, ज्यांना आपण आज बढतीवर पाठवतो आहोत ते आपल्या कार्यशाळेचे व्यवस्थापक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावर ज्यांना खुर्ची मिळाली ते सर्व मान्यवर, ज्यांना मिळाली नाही म्हणून खाली पहिल्या रांगेत बसलेले तितकेच मान्यवर, आणि चहा आहे म्हणून का होईना, पण वेळेवर आलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

साहेबांच्या गौरवाचे चार शब्द मी बोलावेत, असं ठरलं आहे. मीच का, असं काल मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बाई, तुमचं अक्षर सुंदर आहे. आता अक्षराचा आणि भाषणाचा काय संबंध, असं तुमच्या मनात आलं असेल. संबंध आहे. ओघाने येईलच तो.

पाहुण्यांना मी माहीत नाही म्हणून सांगते. मी इथली स्टोअरकीपर. एकोणीस वर्षं एका जाळीच्या खिडकीआड बसून मी नट, बोल्ट, बेअरिंग आणि ऑइल सील देते आणि सही घेते. आमचे हे घरी म्हणतात, हिच्याकडे मीठ मागितलं तरी ही आधी चिठ्ठी मागेल. तर अशा माझ्यासारख्या बाईला साहेबांची शिस्त आवडली नसती तरच नवल. तीन वर्षांपूर्वी साहेब आले, त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि काहीही न बोलता ते बोट माझ्यासमोर धरलं. इतकी बोलकी शांतता मी आजवर पाहिली नव्हती.

साहेबांनी काय केलं नाही आपल्यासाठी? भिंतीवर प्रत्येक पान्याची पांढऱ्या रंगात आकृती काढून घेतली. पाना जागेवर नसला की आकृती रिकामी दिसणार आणि शुक्रवारच्या पाहणीत साहेबांना चालणार नाही. म्हणून शुक्रवारी पाने वापरायचेच नाहीत, असं आपोआप ठरून गेलं. काम गुरुवारी उरका, नाहीतर शनिवारी करा. शुक्रवारी आपली कार्यशाळा जितकी सुंदर दिसते तितकी दुसरी कुठली दिसत नसेल. वहिनी, तुम्ही हसताय, म्हणजे घरीही आकृत्या काढलेल्या दिसतात.

वहिनींसाठी थोडं आमच्या कामाविषयी बोलते. खाणीवर दगड आणि लोखंड वाहणाऱ्या थोराड पिकअप गाड्या आमच्याकडे येतात. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाडजूड आडवा भाग असतो, तो ॲक्सल. सगळं ओझं त्याच्यावर. तो थकला की आम्ही त्याचं पोट उघडतो, झिजलेलं काढतो, चांगलं बसवतो आणि पुन्हा बंद करतो. त्या पोटात दोन मुख्य दातेरी भाग असतात. मोठ्या थाळीएवढं ते क्राउन, आणि दांड्याच्या टोकाला लहान असतं ते पिनियन. पिनियन क्राउनला फिरवतं आणि क्राउन चाकांना. ही दोघं हजारो मैल एकमेकांवर घासलेली असतात. याचा दात त्याच्या दातात बरोबर बसतो, दुसऱ्या गाडीच्या क्राउनमध्ये बसत नाही.

हे मला कोणी शिकवलं? शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेत ना, त्या आमच्या ॲक्सल मिस्त्रींनी. यांना सगळे कानसेन म्हणतात. गाडी फाटकातून आत येतानाच हे सांगतात, बेअरिंग गेलंय की दात लागतोय. सध्या ते निलंबित आहेत. निलंबित माणसानेही रोज येऊन सही करायची असते आणि समारंभालाही हजर राहायचं असतं, म्हणून ते इथे आहेत. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. त्यांना नोकरीत ठेवायचं की काढायचं, हे उद्या सकाळी अकरा वाजता चौकशी समिती ठरवणार आहे, आणि त्या समितीचेही अध्यक्ष आजचे अध्यक्षच आहेत. एका माणसावर किती जबाबदाऱ्या असाव्यात!

निवेदकांनी मला चिठ्ठी पाठवली आहे. लिहिलंय, कृपया सत्कारमूर्तींविषयी बोलावे. अहो, त्यांच्याविषयीच बोलतेय.

जुन्या ॲक्सलमधून निघालेलं क्राउन आणि त्याचं पिनियन मिस्त्री तारेने एकत्र बांधून ठेवायचे. तारेला पत्र्याचा एक तुकडा, त्यावर खिळ्याने गाडीचा नंबर. कारखान्यातून आलेले आकडे केव्हाच झिजून गेलेले असतात, त्यामुळे कोण कोणाबरोबरचं हे फक्त ती तार सांगायची. अशा सत्तावीस जोड्या माझ्या स्टोअरमध्ये जमिनीवर ठेवलेल्या होत्या. दिसायला म्हणाल तर भंगार.

पाच महिन्यांपूर्वी आपल्या अकरा कार्यशाळांमध्ये सर्वोत्तम मांडणीची स्पर्धा जाहीर झाली. मिस्त्री तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. साहेब स्टोअरमध्ये आले, त्यांनी जोड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा असा काही पडला, की मलाच वाईट वाटलं. म्हणाले, बाई, सारखं सारख्याबरोबर ठेवा. सगळी क्राउन उजवीकडे, सगळी पिनियन डावीकडे. मी म्हटलं, साहेब, मिस्त्रींना विचारून करू. साहेब म्हणाले, यादीत सगळ्या क्राउनचा भाग क्रमांक एकच आहे, दातही तेवढेच आहेत, मग विचारायचं काय?

पक्कड मी आणली आणि सत्तावीस तारा मी कापल्या. पत्र्याचे तुकडे कचऱ्यात टाकले. मग घासूनपुसून, चंदेरी रंग मारून, क्राउन ताटांसारखी उभी लावली आणि पिनियन बाटल्यांसारखी. खोटं कशाला बोलू, मलाही ते छान वाटलं. फोटो काढून घरी पाठवला मी.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले. एका डोळ्यावर पट्टी होती. रॅकवरचं एक क्राउन उचलून त्यांनी दात चाचपले आणि मला म्हणाले, "बाई, यातलं कोण कोणाचं?"

मी त्यांना भाग क्रमांक वाचून दाखवला.

स्पर्धेत आपला पहिला क्रमांक आला. ढाल साहेबांच्या खोलीत आहे. तिच्याच जोरावर साहेब आता मुख्य कार्यालयात जाऊन अकराच्या अकरा कार्यशाळांची स्टोअर्स लावणार आहेत. टाळ्या वाजवायच्या असतील तर वाजवा, मी थांबते.

नाही? बरं, पुढे बोलते.

त्यानंतर महिन्याभराने खाणीवरची एक गाडी आली. मिस्त्रींनी रॅकवरचं एक क्राउन घेतलं आणि एक पिनियन. बसवल्यावर दातांना रंग लावून फिरवतात. रंग दाताच्या मधोमध पुसला गेला तर जोडी जमली. इथे तो कडेलाच पुसला जात होता. दोन दिवस मिस्त्री पातळ चकत्या घालत होते, काढत होते, दुसरं पिनियन लावून पाहत होते. शेवटी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, ही गाडी देऊ नका, नवीन जोडी मागवा. साहेब स्वतः खाली आले. दात मोजले. बोटाने, एकेक करून. पूर्ण भरले. मग साहेब म्हणाले, उगाच खुसपट काढू नका, गाडी आजच्या आज गेली पाहिजे. हुकूम म्हटल्यावर मिस्त्रींनी ॲक्सल बंद केला, पण कामाच्या कार्डावर आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या. गाडी मात्र गेली.

अकराव्या दिवशी ती भरलेल्या मालासकट खाणीचा उतार उतरत होती. पिनियनचा दात तुटून क्राउनमध्ये अडकला आणि मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. गाडी आडवी फिरली. आपले ड्रायव्हर, हे दुसऱ्या रांगेत गळ्यात हात बांधून बसलेत ते, यांनी ती दरीकडे न जाऊ देता भिंतीवर घातली. खांद्याचं हाड मोडलं, माणूस वाचला. त्यांच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या खिडकीत विचारलं, चूक कोणाची झाली हो? मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

अक्षराचा संबंध इथे येतो. चौकशीला कार्ड लागणार होतं. साहेब म्हणाले, बाई, कार्डावर तेल सांडलंय, वाचता येत नाही, तुमच्या सुंदर अक्षरात नक्कल करा, आणि त्या चार ओळी घेऊ नका, त्या तांत्रिक नाहीत. मी नक्कल केली. मूळ कार्ड साहेबांसमोर फाडलं. मुलीच्या लग्नाचं सांगू का, घराच्या हप्त्याचं सांगू? काही सांगत नाही. घाबरले मी, दुसरं कारण नव्हतं. त्यामुळे समितीच्या फायलीत आज एक स्वच्छ कार्ड आहे, आणि त्यावरून दिसतं की मिस्त्रींनी जोडी पारखलीच नाही, हलगर्जीपणा केला.

साहेब, बसा. सत्कारमूर्तींनी उठायचं नसतं. आणि मिस्त्री, तुम्हीही दाराकडे जाऊ नका.

कार्ड फाटलं, पण ओळी माझ्या डोक्यात आहेत. रोज झोपताना म्हणते मी त्या. अध्यक्ष महोदय, आपण लिहून घ्या: "क्राउन आणि पिनियन वेगवेगळ्या गाड्यांचे आहेत. दाताची टेक कडेला येते. उतारावर दात तुटेल. गाडी देऊ नये." खाली सही आणि तारीख.

पुरावा म्हणाल तर माझ्याकडे कागद नाही. मी आहे. जोड्या फोडणारी मी, कार्ड फाडणारी मी, आणि हे सगळं करायला सांगणारे साहेब आपल्या उजव्या हाताला बसलेत, हार घालून. माझं काय करायचं ते समितीने करावं. पण मिस्त्रींनी जे लिहून दिलं होतं, ते लिहून दिलं होतं.

आणखी एक. आज सकाळी मला कार्यालयीन आदेश मिळाला. उद्या दुपारी बाराच्या आत मिस्त्रींची हत्यारं मोजून स्टोअरमध्ये जमा करून घ्यावीत. निर्णय उद्या अकराला होणार आहे आणि आदेशावर तारीख आजची आहे. साहेबांचं नियोजन नेहमीच चोख असतं.

साहेबांना नव्या जागी यश मिळो, असं म्हणायला हवं, पण तिथे अकरा स्टोअर्स आहेत आणि शेकडो गाड्या, म्हणून तेवढं मी म्हणत नाही. आपण मला बोलायची संधी दिलीत, निवेदकांनी तीन चिठ्ठ्या पाठवूनही माइक बंद केला नाही, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे.

बोलताना काही चुकलं असेल तर सभागृहाने पोटात घालावं, असं शेवटी म्हणतात. सभागृहाचं मी काही बिघडवलेलं नाही. ड्रायव्हरदादा, तुमचं बिघडवलं, आणि मिस्त्री, तुमचं. माफी इथे माइकवरून मागणं सोपं आहे, म्हणून आज मागत नाही. उद्या अकरा वाजता समितीसमोर हेच सगळं पुन्हा सांगते, सही करते, आणि मग तुमच्या दोघांच्या घरी येते.

आणि मिस्त्री, बारा वाजता हत्यारं घेऊन खिडकीवर येऊ नका. मी ती जमा करून घेणार नाही.