कावळ्याला दिलेला शब्द

आता मला सांगा, आमच्या वयाच्या माणसानं दोन काड्यांनी शेवया खायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? एक शेवई धरावी तर दुसरी सटकते, तिला पकडावी तर काडीच टेबलाखाली! मला हौस नव्हती हो. पण करणार काय? शब्द दिलाय ना कावळ्याला!

हसू नका. माझी बायको, कुंदा, गेल्या माघात गेली. तिचा दहावा. पिंड मांडलेला, समोर कठड्यावर कावळा, आणि ढिम्म! माझा मेहुणा मार्तंड हात जोडून ओरडतोय, "ताई, तुझ्या लेकीचं, दीप्तीचं लग्न थाटात करू गं!" कावळा आपला पंख साफ करतोय. "ताई, भाऊजींना एकटं पडू देणार नाही!" कावळ्यानं पाठच फिरवली. गुरुजी घड्याळ बघत म्हणतायत, "दर्भाचा कावळा करू या का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुंदा, त्या लाल कंदीलवाल्याकडे जाऊन येईन मी!"

झडपच घातली हो! मार्तंड म्हणतो, "भाऊजी, कोण कंदीलवाला?"

कोण म्हणजे? केमोला जाताना आमची रिक्षा घाटकोपरच्या सिग्नलला हमखास अडकायची. समोर जपानी हॉटेल, दारात लाल कागदी कंदील. ही म्हणायची, "अहो, कसले वाडगे भरभरून खातायत बघा! तोंडाला चव आली ना, की पहिलं इथंच यायचं." घरचा वरणभातसुद्धा तिला मातीसारखा लागायचा तेव्हा. चव काही आली नाही... जाऊ दे.

तर गेलो. वाढणारी पोरगी म्हणाली, "सर, टेस्टिंग मेनू घ्या ना, सगळ्याची थोडी थोडी चव!" म्हटलं, आण बाई. मग काय... बशी ही एवढी, परातीसारखी, आणि आत एक मशरूम! मग अर्धं अंडं! मग चहा समजून फुंकर मारून प्यायलो, ते निघालं सूप! आणि प्रत्येक बशीला, "सर, कसं वाटलं?" आता मी काय सांगू? कुंदानं सांगितलं असतं, आलं जास्त झालंय, मीठ मात्र बेताचं. मी आपला, "छान, छान." तुम्हाला सांगतो, एकाही बशीची चव लागली नाही मला. पण सगळं चाटूनपुसून खाल्लं. शब्द दिलाय ना कावळ्याला!

शेवटी शेवया. "सर, आवाज करत ओढा! जपानमध्ये तसंच खातात, आमच्या शेफना बरं वाटतं!" अहो, मी कढीचा भुरका मारला की पाहुण्यांदेखत टेबलाखालून चिमटा काढायची कुंदा! जन्मभर! पण म्हटलं, होऊ दे. ओढला भुरका... हा मोठ्ठा! शेफ खूश, शेजारचं टेबल वळून बघतंय, आणि मी मांडी आखडून बसलोय... चिमट्याची वाट बघत.

मग खिशातली डबी काढली. "सर, पार्सल अलाउड नाही."

"अगं, एकच घास."

"कोणासाठी, सर?"

म्हटलं, "कावळ्यासाठी." काय समजली कोण जाणे, पण पाठ फिरवून उभी राहिली बिचारी.

सकाळी मुलुंडला, आमच्या गॅलरीत ठेवला घास. आला कावळा. आता खरं सांगतो, मी तयारीत होतो. म्हटलं, नाही शिवला तर सांगायचं, कुंदा, गोराईला जाऊ... कुंदा, तुझ्या माहेरी जाऊ... कुंदा, तू म्हणशील तिथं जाऊ... सगळं अगदी जुळवून ठेवलं होतं हो!

आणि त्या मेल्यानं बसायच्या आधीच घास उचलला. मला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही!

काही मागितलंच नाही हो.