नामदेवचा नो बॉल

हसाचं असन तं आताच हसून घ्या, पण कॉलेजात असताना पिपरी मेघेच्या आमच्या घरी आम्ही कागदावर क्रिकेटची लीग चालवत होतो. सापशिडीचा फासा परातीत टाकाचा. एक पडला की विकेट. गावोगावचे खरे बॉलर पाहून मी अन् माहा दोस्त परभाकर ठरवत होतो, कोण वरच्या टीममध्ये अन् कोण खालच्या.

एक दिवस नाचणगावचा फास्ट बॉलर नामदेव सायकल हाणत आला. "काऊन बे, मले खालच्या टीममध्ये टाकलं?"

"तुह्या बॉलले दिशाच नाई," परभाकर म्हणाला.

"दे फासा! आता विकेट घेऊन दाखवतो."

फासा घेऊन गडी अंगणात पार तुळशीपर्यंत मागं गेला. तिथून धावत आला अन् दारातून असा फेकला का परात ठणाणली. फासा गरगर फिरला. एक! मी तं नाचालेच लागलो.

परभाकर मात्र गंभीर. "उंबरठा म्हणजे क्रीज. पाय पुढं गेलता. नो बॉल."

अंपायरशी भांडल्याशिवाय नामदेव कधी घरी गेला नव्हता. त्यानं उंबरठ्याकडे पाह्यलं, मग आपल्या पायाकडे.

"हाव, गेलता जरासा," म्हणाला, अन् फासा उचलून पुन्हा तुळशीकडे चालला.