अजून तीन वर्षं

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या फिजिओकडे माझ्या शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेला लष्करातला सार्जंट कीरन आणि त्याची बायको टॅमसिन बसले होते.

"पन्नास हजार डॉलर देतायत गं! फक्त अजून तीन वर्षं नोकरीत राहायचं."

"फक्त? या गुडघ्यावर?"

"घर होईल आपलं."

"घर इथे, बदली डार्विनला! राहणार कोण, भाडेकरू? दहा वर्षं खोकीच बांधतेय मी."

"ओरडू नकोस. सही केली नाहीये अजून."

"मग अडलंय कुठे?"

"काल आयलाला विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'मग नव्या शाळेत मी मैत्रिणी करतच नाही, बाबा.'"

टॅमसिनने त्याच्या हातातला कराराचा कागद ओढून घेतला आणि फाडला.

"आत जा. तुझं नाव पुकारतायत."