खोटी खिडकी आणि गुरुवारची बस

फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या जुन्या लॉजची, म्हणजे बैठकीच्या जागेची, इमारत आज पहिल्यांदाच लोकांना पाहायला खुली होती. वरच्या सभागृहाच्या सगळ्या खिडक्या खोट्या आहेत, बाहेरून तावदानं आणि आतून नुसती भिंत, असं माहिती देणाऱ्या सभासदाने नुकतंच सांगितलं होतं. रांगेत पुढे एक जोडपं कुजबुजू लागलं, तसे मागच्या चष्मेवाल्याने कान टवकारले.

"अहो, ही तर भिंत आहे!"

"आतलं कुणाला दिसू नये म्हणून गं."

"लग्न झाल्यापासून दर गुरुवारी तुम्ही इथे बैठकीला असता आणि मी बसमधून या खिडकीला हात करतेय!"

"हळू बोल."

"आणि तुम्ही घरी येऊन सांगता, 'दिसलीस, मीही हात केला!'"

"केला की! बसचा आवाज आला की भिंतीकडे वळून करतो."

"खिडकी खोटी आहे, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"आतलं बाहेर सांगायचं नाही. शपथ आहे."

"आणि भिंतीला हात करताना कुणी हटकलं नाही?"

"इथे कुणी कुणाला काही विचारत नाही."

तेवढ्यात खालून बस घरघरत गेली. माहिती देणारा सभासद बोलता बोलता थांबला, भिंतीकडे वळला आणि त्याने गंभीर चेहऱ्याने हात हलवला. दाराशी उभ्या दोन म्हाताऱ्या सभासदांनीही हलवला.

"हे काय हो?" चष्मेवाल्याने विचारलं.

"फार प्राचीन खूण आहे," सभासद म्हणाला. "अर्थ बाहेर सांगायची बंदी आहे."