डाळीचा खरा भाव

जबाब
दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.४० वाजता

मी सौ. कौसाबाई महिपती भोईर, वय ६३ वर्षे, व्यवसाय घरकाम, तसेच सकाळी शिवमंदिराच्या वाटेवर बेल-फुले विकते, राहणार गणेश चाळ, खोली क्रमांक ७, शिवमंदिर परिसर, अंबरनाथ. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती महिपती, मुलगा राजू, सून वेणू व दोन नातवंडे असे राहतो. राजू एमआयडीसीत कामाला आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असून चष्मा असेल तर मला मराठी वाचता येते. आज चष्मा आणला आहे. हा जबाब महिला पोलीस तेजस्वी मॅडम लिहून घेत आहेत. विचारले तेवढेच सांगा, असे त्यांनी दोनदा बजावले. पण तेवढेच सांगितले तर कोणाला काही कळायचे नाही, मलाच अजून नीट कळलेले नाही, म्हणून मी पहिल्यापासून सांगते.

आमच्या वॉर्डात रेशनच्या धान्याशिवाय डाळ-तेलासाठी माणशी दोनशे रुपये दर महिन्याला बँकेत जमा होत होते. हे वर्षभर चालले. दिनांक ७ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास शलाका दळवी नावाची मुलगी सरकारी भाव-पाहणीसाठी आमच्या चाळीत आली. वय अंदाजे चोवीस, राहणार बदलापूर, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म. ती आमच्या ओट्यावर बसली. चाळीतल्या बाया जमल्या. तिने आधी एक कागद वाचून दाखवला. त्यात 'क्षेत्रनिहाय' की काहीतरी शब्द चार-पाच वेळा आला. आम्ही हो हो म्हटले. खरे सांगायचे तर आमचे लक्ष तिच्या कानातल्यांकडे होते. वेणूने तिला चहा दिला व नाचणीचा लाडू दिला. लाडू तिने अर्धा खाल्ला व अर्धा कागदात बांधून घेतला.

नंतर तिने एकेकीला विचारले, तूरडाळ कितीने आणता, तेल कितीने आणता. आम्ही सांगितले. तिने लिहिले. प्रत्येकीची सही किंवा अंगठा घेतला. साडेबारापर्यंत ती चाळीत होती. हे मी स्वतः पाहिले आहे.

आम्ही काय भाव सांगितला, असे विचारता सांगते की, मी तूरडाळ एकशे पाच रुपये किलो असे सांगितले. ती मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये एका शेठच्या दुकानातून एकशे छत्तीसने आणली होती. मी पुष्कळ हुज्जत घातली, पण शेठ म्हणाला, "अम्मा, रेट लिखा है, एक रुपया कम नहीं होगा." म्हणजे मी एकशे छत्तीस दिले आणि एकशे पाच सांगितले.

खोटे का सांगितले, असे मॅडमनी विचारले. मॅडम, हे खोटे नाही. म्हणजे आहे, पण तसले नाही. आमच्या चाळीत कोणी बाजारातून आले की पहिला प्रश्न "कितीला गो?" असा असतो. खरा भाव कोणी सांगत नाही. वीस-तीस कमी करूनच सांगायचे, आणि ऐकणारीने मनात तेवढेच वाढवून धरायचे. सगळ्यांना हे ठाऊक असते, त्यामुळे कोणी फसत नाही. माझ्या सासूच्या वेळेपासून हे असेच आहे. जी खरा भाव सांगते ती "ठकली". चाळीतल्या खोली क्रमांक तीनमधल्या बनूबाईने चौदा वर्षांपूर्वी सुक्या कोळंबीचे सोडे घेतले, ते इतरांपेक्षा शंभर रुपये जास्त देऊन, आणि भोळसटपणे ओट्यावर सांगून बसली. तिला आजपर्यंत सगळे "शंभरवाली" म्हणतात. तिच्या मुलीच्या लग्नातसुद्धा म्हणाले. हे नाव पहिल्यांदा मीच घेतले होते.

मला वाटले, एवढी शिकलेली पोर, ती तीस रुपये वाढवून धरील. तिने जसेच्या तसे लिहिले. असे कोण करते?

दिनांक १० ऑक्टोबर रोजी राजूने मोबाइलवर पाहून सांगितले की या महिन्यापासून माणशी दोनशेऐवजी एकशे चाळीसच जमा झाले. रेशन दुकानात चौकशी केली तेव्हा कळले की आता ज्या भागात वस्तू महाग तिथे जास्त पैसे आणि जिथे स्वस्त तिथे कमी, असे ठरले आहे. यात चूक काय, हे मला त्या दिवशीही सांगता आले नाही. महाग तिथे जास्त, हे बरोबरच आहे. पण दुकानदार म्हणाला की अंबरनाथात तुमचा भाग सगळ्यात स्वस्त निघाला. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. स्वस्त काय आहे आमच्याकडे? एक मंदिराचे पाणी सोडले तर काही नाही.

त्याच संध्याकाळी माझी धाकटी बहीण अंजनी हिचा बदलापूरहून फोन आला. तिला माणशी दोनशे तीस मिळाले. मी तिला विचारले, तुमच्याकडची डाळ काय सोन्याची आहे का? भाजी एकाच टेम्पोने येते, अर्धी इथे उतरते आणि अर्धी तिकडे जाते. त्यावर ती म्हणाली, "ताई, आमच्या बिल्डिंगमध्ये मुलगी आली, तिने विचारलं, मी जे दिलं ते सांगितलं." मी म्हटले, नुसते जे दिले तेच? ती म्हणाली, "मग दुसरं काय सांगणार?" मी फोन ठेवला. आम्ही दोघी एकाच घरात वाढलो. ती बिल्डिंगमध्ये राहायला गेली आणि तिचे वळण पार बदलले, एवढेच मी समजले.

दिनांक २७ ऑक्टोबर रोजी सायंकाळी आमच्या भागातील समाजसेवक कैलास याने चाळीत येऊन एक टाइप केलेला अर्ज आणला. पैसे पूर्ववत व्हावेत म्हणून अर्ज आहे, असे त्याने सांगितले. मी म्हटले, वाचून दाखव. तो म्हणाला, "मावशी, वाचायचं काय त्यात, तुमचंच गाऱ्हाणं आहे. पहिली सही तुमची." मला पहिली सही म्हटल्यावर बरे वाटले. चष्मा घरात होता. मी सही केली. माझ्या मागे तीस बायांनी केल्या.

तो अर्ज मॅडमनी आज मला दाखवला व मी तो चष्मा लावून वाचला. त्यात लिहिले आहे की सदर शलाका दळवी ही आमच्या चाळीत कधी आलीच नाही, तिने घरबसल्या स्वतःच्या मनाने भाव भरले व आमच्या खोट्या सह्या केल्या. हे मी सांगितलेले नाही. पण खाली सही माझीच आहे, हेही खरे आहे. वरचे खोटे आणि खालचे खरे, अशा कागदाला काय म्हणतात, ते मला माहीत नाही.

दिनांक १४ नोव्हेंबर रोजी सकाळी ती मुलगी माझ्या दारात आली. तिला कामावरून काढल्याचे व तिच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल होणार असल्याचे तिने सांगितले. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "आजी, मी आले होते ना? तुम्ही मला चहा दिला होता. एवढंच सांगा पोलिसांना." मी तिला आठवत नाही म्हणून सांगितले. तेवढ्यात वेणू आतून म्हणाली, "अहो आई, हीच ना ती, अर्धा लाडू बांधून नेणारी?" मी वेणूला गप्प बसायला सांगितले व दार लावले.

असे का केले, असे विचारता सांगते की, मी घाबरले. ती आली होती म्हटले तर अर्ज खोटा ठरतो, आणि अर्जावर पहिली सही माझी. एकतीस बाया खोट्यात निघतात. दार लावल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसले. मला लाज वाटली. हे लिहा, मॅडम.

त्यानंतर मॅडमनी मला फॉर्मची झेरॉक्स दाखवली. त्यात सखू पांडुरंग म्हात्रे, खोली क्रमांक ११, हिच्या नावापुढे तूरडाळीचा भाव १५२ लिहून तो खोडला आहे व वर ११० लिहिले आहे. ही खाडाखोड मुलीने नंतर स्वतःच केली, याचा हा पुरावा आहे असे कैलासचे म्हणणे आहे. याबाबत मला काही माहिती आहे का, असे मला विचारण्यात आले.

मी पाणी मागितले. पाणी पिऊन सांगते की, ती खाडाखोड माझ्यामुळे झाली.

सखू विधवा असून नातीसोबत राहते. तिच्याजवळ एकदम किलोभर डाळ आणायला पैसे नसतात. ती नाक्यावरच्या दुकानातून पावकिलो आणते, अडतीस रुपयांना. म्हणून तिला ती किलोला एकशे बावन्न पडते. त्या दिवशी मुलीने विचारल्यावर सखूने बोटांवर हिशेब केला आणि एकशे बावन्न असे खरे सांगितले. चाळीत त्या दिवशी खरे बोललेली ती एकटीच. मी मोठ्याने हसले. मी म्हटले, "बाय गो, सखू ठकली! बनूला जोडीदारीण मिळाली!" सगळ्या हसल्या. बनू तर सगळ्यात जास्त हसली, चौदा वर्षांनी तिची सुटका झाली म्हणून. सखू पण हसली. मग पदर तोंडाला लावून मुलीला म्हणाली, "चुकले मी. एकशे दहा लिहा." मुलगी तिला दोनदा म्हणाली, "आजी, नक्की ना? जे देता तेच सांगा." सखू म्हणाली, एकशे दहाच. तेव्हा मुलीने सगळ्यांसमोर खोडून वर लिहिले.

माझ्या घरात सहा माणसे आहेत. माणशी साठ कमी झाले, तरी राजूचा पगार आहे. सखूकडे दोनच माणसे आणि पगार कोणाचाच नाही. दिवाळीपासून ती पावकिलोही आणत नाही. मी एकदा तिच्या दारावरून जाताना पाहिले, नातीच्या ताटात डाळीचे नुसते पाणी होते. मी विचारले, काय गो, डाळ एवढी पातळ? ती म्हणाली, "नातीला पातळच आवडते." तीस वाढवून धरावे तसे मी हे पण मनात धरले.

मला एवढेच समजत नाही की यात गुन्हा कोणाचा. मुलीने आम्ही बोललो ते लिहिले. सरकारने तिने लिहिले ते मानले. कैलासने आमचेच गाऱ्हाणे उलटे लिहिले. आणि आम्ही तर रोज बोलतो तसेच बोललो. माझ्यावर कोणते कलम लागते का, असे मी मॅडमना विचारले. त्यांनी ते साहेब बघतील असे सांगितले. लागत असेल तर लावा. पण त्या पोरीवर लावू नका. तिने दोनदा विचारले होते.

माझ्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी कॅम्प चारच्या दुकानाची दिनांक ३ ऑगस्टची पावती हजर करते. त्यावर तूरडाळ एकशे छत्तीस असा भाव आहे. चाळीत कोणाच्या हाती लागू नये म्हणून ती मी डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली होती. तिला डाळीचा भुसा लागला आहे, तो झटकून घ्यावा.

जबाब पुरा झाल्यावर मॅडम तो मला वाचून दाखवू लागल्या. बाहेर बाकावर चाळीतल्या बाया आपापल्या जबाबासाठी बसल्या असून दार उघडे आहे. एकशे छत्तीसपाशी आल्यावर मॅडमनी माझ्याकडे पाहून आवाज खाली आणला. त्या चांगल्या मनाच्या आहेत. त्या दार लावायलाही वळल्या होत्या. मी त्यांना दार उघडेच ठेवा म्हटले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लावले, माझे एकशे छत्तीस आणि सखूचे एकशे बावन्न, दोन्ही. बनू दाराच्या अगदी जवळ बसली आहे, तिला ऐकू गेलेच असेल. सखू पलीकडच्या टोकाला बसली आहे आणि तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून तेवढा भाग मॅडमनी दोनदा वाचला.

दोन्ही वेळा मी ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, बरोबर आहे. यातल्या कोणत्याही आकड्यात काही वाढवून धरायचे नाही. चष्मा लावून सही करते.

समक्ष सही
कौसाबाई महिपती भोईर